आक्का, तू वातात बोललीस ते

आक्का, भेटायला येणारी माणसं तुला शांत स्वभावाची म्हणतायत. काल भावकीतली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “कदी कुणाला वाकडा सबूद बोलली न्हाई हो माऊली.” मी शेजारीच बसले होते. मला येत असलेलं रडू थांबलं आणि हसू दाबता दाबता असा ठसका लागला की सुनील पाणी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, काकीला हुंदका अनावर झाला. अगं, तुझ्या आवाजानं खाचरातली बगळी उडायची. माले गावात तुझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती, आणि आता म्हणे शांत स्वभाव!

गेलेल्या माणसाला असं धुऊन-पुसून देव्हाऱ्यात बसवतात ते मला मुळीच आवडत नाही. तू देव नव्हतीस. तू माझी थोरली जाऊ होतीस. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून माझ्याशी भांडणारं माणूस तू, आणि माझ्यासाठी जगाशी भांडणारं माणूसही तूच. सुरुवातीला मी तुला ‘आक्का, तुमी’ म्हणायचे. एकदा चुलीवर दूध उतू गेलं आणि आपलं कडाक्याचं वाजलं, तेव्हा तोंडून ‘आक्का, तू’ निघालं. तू तेवढ्यात म्हणालीस, “आता आलीस घरात.” तिथून पुढं तूच.

मी लिहायला बसले की माझी भाषा अंगणवाडीच्या अहवालासारखी होते, असं तू म्हणायचीस. खरंय. उभा जन्म अंगणवाडी चालवली, लहान पोरांची वजनं लिहिली, हात तसाच वळतो. पण आज ते होऊ द्यायचं नाही. आज मला तुझ्याशी एकाच गोष्टीवर बोलायचंय. हॉस्पिटलात वातात तू मला एक शब्द बोललीस. तो तुझा होता की तुझ्या आजाराचा, हा प्रश्न मी महिनोन्‌महिने उरात घेऊन फिरले. मग एक दिवस तूच त्याचं उत्तर दिलंस. त्यावर मी काहीच बोलले नाही. ते बोलायचं राहिलं आणि तू उठून गेलीस.

आपल्या दोघींचे नवरे एकामागोमाग गेले. सुनील तुझा एकुलता एक, तो आणि अश्विनी नोकरीसाठी भूगावच्या फ्लॅटात. माल्याच्या घरात आपण दोघी, दोन म्हशी आणि रोजचं भांडण. सकाळी उठलं की मागल्या दारी न्हाणीजवळच्या दगडावर दोघी टेकायचो. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून मिश्री तूच करायचीस. माझ्या हातची तुला पटायची नाही. “कच्ची ठिवलीस,” म्हणायचीस. डबी मधे, बोट दातावर, आणि तोंडाचा पट्टा सुरू. कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणी रस्त्याकडची जमीन प्लॉटिंगवाल्याला दिली, यंदा भात कुठलं लावायचं. भातावरून तर दरसाल जुंपायची. तुला आंबेमोहरच पाहिजे, वासासाठी. मला इंद्रायणी, कारण चार पोती जास्त होतं. “पोती काय हुंगायची हायेत का?” हा तुझा ठरलेला सवाल.

अश्विनी माहेरची पुण्याची. ती नवी सून म्हणून आली तेव्हा मिश्रीनं काळी झालेली आपली बोटं बघून बिचारी गांगरली होती. तू तिला म्हणालीस, “ही आमची टूतपेस्ट हाय.” ती हसली. मिश्रीचं कौतुक सांगत नाहीये मी. पण तिच्यामुळं पुढं जे झालं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला तू गोठ्यात घसरलीस आणि डोकं गव्हाणीच्या कडेला आपटलं. टेंगूळ आलं, हळद लावली, तू म्हशीला शिव्या घातल्यास आणि विषय संपला. काही आठवड्यांनी तुझं डोकं ठणकायला लागलं. मग डावा पाय ओढल्यासारखा पडायला लागला. हातातली कपबशी सुटायला लागली. आमटीत तू दोनदा मीठ घातलंस, वर मलाच म्हणालीस, “तूच घातलंस.” मी भांडले नाही. तेव्हाच तुला कळायला हवं होतं की काहीतरी बिघडलंय. सुनीलला फोन केला. तो गाडी घेऊन आला आणि तुला पुण्याला घेऊन गेलो. कवटी आणि मेंदूच्या मधे हळूहळू रक्त साचलं होतं. डॉक्टर म्हणाले, कवटीला भोकं पाडून ते काढावं लागेल.

दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, “आजींना काही व्यसन?” सुनील म्हणाला, “छे हो, आई निर्व्यसनी आहे.” तू मान हलवलीस. मीही हलवली. आपल्यापैकी कुणी खोटं बोललं नाही, आक्का. व्यसन म्हणजे बाप्यांची दारू. मिश्री म्हणजे दात घासणं. दात घासण्याला व्यसन कोण म्हणतं?

ऑपरेशन चांगलं झालं. तू डोळे उघडलेस, सुनीलला ओळखलंस, “म्हशींना कोण बघतंय?” असं विचारलंस. आम्ही सगळ्यांनी सुटलो म्हणून हात जोडले. दुसऱ्या दिवशी भेटायला आत गेलो तर तू तिथं नव्हतीस. म्हणजे कॉटवर होतीस. पण माझी आक्का नव्हती. डोक्याला पट्टी आणि तिच्यातून निघालेली नळी, नाकात नळी, हाताला सुई, आणि डोळे असे काही भिरभिरत होते की मला धडकी भरली. तुझं लावणीचं खाचर तिथं आलं होतं. सलाईनच्या नळ्या तू रोपं उपटावी तशा उपटत होतीस, आणि उपटून त्यांची मूठ बांधायला बघत होतीस. ते काम तर तुझ्या हाताला डोळे मिटूनही येत होतं. नळ्या धरायला दोन नर्सा धावल्या. त्यांना तू म्हणालीस, “वाकून काम करा गं. उभ्यानं लावणी हुती का?”

शेजारच्या कॉटवर एक गृहस्थ पडून होते, त्यांचंही डोक्याचंच ऑपरेशन झालेलं. तू त्यांच्यावर ओरडलीस, “ए, दिवस कासराभर वर आला आन्‌ लोळतुयास काय? बांध फोड, पाणी सोड.” त्या बिचाऱ्यानं खरंच उठायचा प्रयत्न केला. आज हे आठवून मी हसते. त्या वेळी मी कॉटची दांडी धरून उभी होते. तुझे हात मऊ पट्ट्यांनी कॉटला बांधले होते. ज्या हातांनी कधी नुसतं बसून राहणं माहीत नाही, ते हात. मला नर्सला काहीतरी बोलायचं होतं, पण ती म्हणाली, “मावशी, डोक्यातली नळी ओढली असती त्यांनी.”

आणि मग तुझी नजर माझ्यावर आली. तू मला नीट ओळखलंस. हेच तर माझं दुखणं. सुनीलला तू मुकादम म्हणत होतीस, अश्विनीला कुणी मजुरीण समजत होतीस, पण मला तू बरोबर ओळखलंस. म्हणालीस, “ही विमल कशाला आली? हिला भायेर काढा. वांझुटी! माजं प्वार गिळलं हिनं.”

आक्का, तो शब्द मला कधी कुणी तोंडावर बोललं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मूल झालं नाही, गाव माझ्या पाठीमागं काय बोलत असेल ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडावर कुणाची हिंमत झाली नाही, कारण मधे तू उभी होतीस. सुनीलच्या बारशाला भावकीतल्या एका थोरल्या बाईनं मला पाळण्यापासून बाजूला व्हायला सांगितलं होतं. गोड आवाजात, हसत हसत. तू बाळंतीण, अजून अंगात ताकद नाही, पण उठलीस. पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, “पाळणा हीच हालवनार. ज्याला पटत न्हाई त्यानं घुगऱ्या खाऊन घरला जावं.” घुगऱ्या खाऊन सगळ्या गप बसल्या. पाळणा मी हलवला.

त्याच तोंडातून तो शब्द आला. सुनील “आई!” म्हणून ओरडला. अश्विनीनं माझा हात धरला. मी हात सोडवून बाहेर आले आणि जिन्यात बसले. कुणीतरी यंत्रातला चहा आणून दिला, तो प्याले. चहा वाईट होता एवढंच मला कळत होतं. तुझ्यावर चिडावं तर तुझ्या डोक्याला पट्टी, तुझी कीव करावी तर छातीत तो शब्द रुतलेला. मला माझ्या आईची आठवण आली. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तू होतीस.

तुझ्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई जिन्यात आल्या. तरुण पोरगी, पण समजूत मोठी. माझ्याशेजारी पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, त्या बोलत नाहीयेत, आजार बोलतोय. याला डिलिरियम म्हणतात.” मी म्हटलं, आमच्याकडं वात म्हणतात. वातात माणूस बरळतं. त्या म्हणाल्या, “तेच. मेंदूच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे बऱ्याच जणांना होतं. त्यांचं वय झालंय. मेंदू दाबला गेला होता. ऐकू कमी येतं, दिसतं कमी. दिवसरात्र दिवे, यंत्रांचे आवाज, झोप नाही. अंगाला नळ्या. रक्तातलं मीठ कमी झालंय, ते आम्ही भरून काढतोय. एकेक असतं तर निभावलं असतं. सगळं एकदम अंगावर आलं.”

मी विचारलं, “बाई, आजार बोलतोय म्हणता. मग आजाराला आमच्या घरातलं कसं म्हाईत?”

त्यांनी मला खोटं सांगून गप्प बसवलं नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, “शब्द त्यांच्याच डोक्यातले असतात. पण ते बोलायचं की नाही हे ठरवणारं माणूस आत्ता जागेवर नसतं.” मला तेव्हा ते पुरेसं वाटलं नाही. मी म्हटलं, म्हणजे शब्द तिथं होताच की.

तरी मी आत गेले. कुठं जाणार होते? तू मला बाहेर काढायला सांगितलंस म्हणून मी गेले असते, तर पहिल्या वर्षीच माहेरी गेले असते.

डॉक्टरीणबाई तुझा एक हात सोडून तपासत होत्या. हात मोकळा झाला तसं तुझं बोट तोंडाकडं गेलं. वरच्या दातांवरनं डावीकडून उजवीकडं, मग खालच्या. पुन्हा वरच्या. अगदी सावकाश, मन लावून. आम्ही बघत होतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “या मिश्री लावतात का?”

“नाही,” सुनील म्हणाला.

“व्हय,” मी म्हणाले. “रोज. दोगीबी लावतो.”

सुनीलनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पोलिसात नाव दिलं. “काकी, ते काय व्यसन आहे का!” डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अहो, तंबाखूच ना ती? वर्षानुवर्षं रोज शरीरात जात होती, ती एकदम बंद झाली. त्यानंही माणूस सैरभैर होतं. एकट्या त्यानं झालंय असं नाही, पण सांगितलं असतंत तर आम्ही आधीपासून लक्ष ठेवलं असतं.” मग माझ्या पिशवीकडं बघून म्हणाल्या, “काय करायचं ते आम्ही बघतो. बाहेरून आणून लावायची नाही.” पिशवीत डबी होती, आक्का. मी ती हळूच खाली सारली.

मग त्यांनी कामं नेमून दिली. तुझं कानाचं मशीन हरवू नये म्हणून सुनीलनं घरी नेऊन ठेवलं होतं, ते परत आणवलं. चष्मा आणवला. खिडकीशी कॉट मिळाली, दिवसाचा उजेड दिसावा म्हणून. मला दिवसा तुझ्यापाशी बसू दिलं. सांगितलं, “यांच्याशी साधं, ओळखीचं बोला. कुठं आहेत, कोण दिवस आहे ते सांगत राहा. त्या काही चुकीचं बोलल्या तर वाद घालू नका.” मला सांगितलं वाद घालू नका! आपलं सगळं आयुष्य काय बोलण्यात गेलं ते त्यांना कुठं ठाऊक होतं?

मी तुझं मशीन कानात बसवलं, चष्मा लावला, आणि बसले. अंगणवाडीतल्या पोरांना सांगायचे तसं सांगत राहिले. हे हॉस्पिटल आहे. तुझ्या डोक्याचं ऑपरेशन झालंय. आज गुरुवार. बाहेर ऊन आहे. तू कधी माझ्याकडं बघून शिवी हासडायचीस, कधी छताकडं बघून म्हणायचीस, पाणी चढतंय, गुरं सोडा. मी म्हणायचे, गुरं सोडली. तेवढ्यानं तू निवांत व्हायचीस. तो शब्द तू पुन्हा बोलली नाहीस. पण तू तोंड उघडलंस की मला वाटायचं, आता पुन्हा येतो की काय. खरं सांगते, तुझ्या उशाशी बसून मी तुझ्यावर माया करत होते आणि तुला भीतही होते. दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या एका दुपारी मला काय बोलावं सुचेना. वार सांगून झाला, ऊन सांगून झालं, म्हशींची खुशाली सांगून झाली. मग मी आपलं सहज म्हटलं, “आक्का, यंदा समद्या खाचरात इंद्रायणीच लावायची म्हंते मी.”

तू मान वळवलीस. चष्म्यातून माझ्याकडं नीट बघितलंस. “मी जित्ती हाय तवर न्हाई.”

अगं, मी उडालेच. नर्सला हाका मारल्या. “आली, आमची आक्का आली!” नर्सला काय कळलं देव जाणे, ती तुझा बीपी बघायला लागली. तू तिला विचारलंस, “ही येवडी का रडतीया?” मग सुनील आला तेव्हा त्याला सुनील म्हणालीस, अश्विनीला जेवलीस का विचारलंस. अधूनमधून पुन्हा भरकटायचीस, संध्याकाळच्या वेळी जास्त. पण वाट सापडली होती. हळूहळू तू पूर्णच परत आलीस. घरी आणलं तेव्हा गोठ्यात जाऊन आधी त्या म्हशीला दोन शब्द सुनावलेस.

मिश्री तू सोडलीस. डॉक्टरीणबाईंनी निघताना तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तुझ्यासमोर बसून एकटीनं लावायला मला लाज वाटायला लागली, म्हणून माझीही सुटली. सोडताना माझ्या जिवाचं जे झालं त्याबद्दल तुला ज्या शिव्या दिल्या त्या मी परत घेत नाही. तू आपली दगडावर बसून हसत होतीस.

पावसाळा आला. लावणीला तू बांधावर खुर्ची टाकून बसलीस आणि सगळ्यांना वाकून काम करायला लावलंस. त्या ओरडण्यानं मला हॉस्पिटल आठवलं आणि तो शब्दही. वर वर आपलं सगळं पहिल्यासारखं होतं. आत माझं काहीतरी अडलेलं होतं. तुझ्या हातचा चहा घेताना एखाद्या क्षणी वाटायचं, ही मला मनातून काय म्हणत असेल? आयुष्यभर काय म्हणत आली असेल? बारशाचा पाळणासुद्धा मला आठवू नये असं वाटायचं. माझ्याकडं ठेव म्हणून ती एकच आठवण होती आणि तिचाच मला संशय यायला लागला होता.

भात घरात आल्यावर, पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. तू सुपातून खडा काढून लांब फेकलास आणि वर न बघता म्हणालीस, “विमे, तितं मी तुला काय बोल्ले?”

“कायबी न्हाई. रोपं उपटत हुतीस.”

“खोटं बोलतीस. मला याद हाय.”

मी हातातलं सूप खाली ठेवलं. तू बोलत राहिलीस. “समदं न्हाई याद. पर त्यो सबूद याद हाय, आन्‌ तुजं त्वांड याद हाय. डॉक्टरीण म्हनली, आजी, तुमी न्हाई बोल्ला, आजार बोल्ला. मी गप ऱ्हायले. पर ते खरं न्हाई. आलं हुतं माज्या मनात. एकदा. सुन्या ल्हान हुता, साळंतनं येताना पडला, गुडगा फुटला. मी अंगनात हुते. माज्या म्होरनं पळत गेला आन्‌ तुज्या पदरात शिरला. मला बगितलंबी न्हाई. तवा आलं हुतं, पार तोंडापत्तुर. गिळलं. मग कदी वर येऊ दिलं न्हाई.”

एवढं बोलून तू पुन्हा खडे काढायला लागलीस. मग म्हणालीस, “आता तूबी बोल. तुज्या मनात माज्याविषयी आसंल ते.”

मी म्हटलं, “माज्या मनात काय न्हाई.”

“मग ऱ्हाऊ दे. माज्यागत डोस्कं फुटलं की येईल भायेर.”

तू हसलीस. मी नाही हसले. मी उठून आत गेले. मला राग आला होता, आक्का. खूप राग आला. मला वाटलं होतं, तू म्हणशील, मी नव्हतेच ती. मी महिनोन्‌महिने तेवढंच ऐकायला थांबले होते. आणि तू सरळ सांगितलंस की होतं मनात. त्यानंतर काही दिवस मी तुझ्याशी कामापुरतं बोलले. तू चहा करून माझ्यासमोर ठेवायचीस, मी उचलायचे, थँक्यू नाही की काही नाही. मग एकदा म्हैस दावं तोडून पळाली, दोघी तिच्यामागं धावलो, हसून हसून खाली बसलो, आणि बोलणं सुरू झालं. पण त्या गोष्टीवर नाही. त्यावर बोलू कधीतरी, असं मी धरून चालले. जावांना काय, वेळच वेळ.

गेल्या पंधरवड्यात तू सकाळी अंगणात उन्हाला बसलीस. मी आत भाकरी थापत होते. “आक्का, च्या घेतीस का?” विचारलं. ओ दिली नाहीस. मला वाटलं, मशीन काढून ठेवलंय. बाहेर आले तर मशीन कानात होतं.

तर आता ऐक. माझं उत्तर ऐक.

राग गेलाय माझा. तू गेलीस म्हणून गेला असं समजू नको, त्याआधीच जायला लागला होता, तुला सांगायला मी तेवढी लवकर धजले नाही. मला कळायला वेळ लागला, इतकंच. तुझ्या मनात तो शब्द कधी आलाच नसता, तर तू मला जपलंस त्यात काय मोठं होतं? ज्याच्या मनात वाईट येतच नाही त्याला गप्प राहायला कष्ट पडत नाहीत. तुझ्या तोंडापर्यंत आला होता. तुझं पोर तुझ्या डोळ्यांदेखत माझ्याकडं धावत होतं, आणि तुझ्यासारखी फटकळ बाई, जिला म्हशीलाही बोलल्याशिवाय राहवत नव्हतं, ती तेवढ्या एका बाबतीत सुनील मोठा होऊन बाप्या झाला तरी तोंड दाबून बसली. स्वतः गप्प बसलीस आणि गावाला गप्प बसवलंस. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही. सख्ख्या आईनं केलं नाही, नवऱ्यानं केलं नाही. शेवटी तो शब्द बाहेर काढायला तुझ्या कवटीला भोकं पाडावी लागली. आणि शुद्धीत आल्यावर तू खोटं बोलून सुटू शकली असतीस, डॉक्टरीणबाईंनी तुला वाट काढून दिली होती. ती तू घेतली नाहीस. माझ्याशी खरं बोललीस. मी तुझी आहे, आक्का. हे मला त्या पडवीत म्हणायला हवं होतं.

परवा अश्विनीनं मला जवळ बसवलं. सुनील आणि ती म्हणतायत, काकी, भूगावला चला आमच्याबरोबर. बघू. बोलता बोलता तिनं विचारलं, “काकी, आई हॉस्पिटलमध्ये तुम्हाला बोलल्या त्याचं अजून वाईट वाटतं का हो?” मी म्हटलं, न्हाई गं. मग मलाच काय सुचलं कुणास ठाऊक, तिला म्हटलं, “माजंबी वय झालंय. उंद्या मलाबी आसंच कायतरी झालं, त्या कॉटवर बांधून ठिवलं, आन्‌ मी तुला वंगाळ बोल्ले, तर मनाला लावून घिऊ नगं.” ती पोरगी हसली आणि रडलीही. म्हणाली, “बोला. मी तुम्हाला शुद्धीवर आणल्याशिवाय हलणार नाही तिथून.”

“आन हां,” मी म्हटलं. “मशीन लाव, चष्मा लाव, वार सांग. समदं कर. पर मी जर आक्काशी भांडायला लागले आसंन, तर मातूर घाई करू नगंस.”